जर्मनीच्या वाट्याचा समुद्र

नेदरलँड्समधल्या स्टेलंडमच्या बंदरात जाळ्यांची शेड उघडी आहे आणि आत क्रीना ग्रिनविस नाही, असा कामाचा दिवस गावात कुणाला आठवत नव्हता. तिच्याआधी तिथे तिचे वडील बसत. शाळा सुटली की ती थेट त्यांच्याकडे यायची. सुईत दोरा भरायला ती आधी शिकली, सायकल चालवायला नंतर. पुढे लेन्डर्ट ग्रिनविसशी तिचं लग्न झालं. लेन्डर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ कोमर मिळून एक बोट चालवायचे. सोमवारी उजाडायच्या आत निघायचे आणि शुक्रवारी परतायचे, म्हणजे रविवार देवाला मोकळा राहायचा. फाटलेली जाळी क्रीनाच्या पुढ्यात येऊन पडायची, आणि पुढच्या सोमवारपर्यंत ती धडधाकट होऊन बोटीवर जायची.

एवढं असून क्रीनानं समुद्रावर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. एकोणीसशे त्रेपन्नच्या पुरात समुद्र बांध फोडून गावात शिरला, तेव्हा तिची आई छपराला धरून राहिली म्हणून वाचली. आईचे दोन धाकटे भाऊ वाचले नाहीत. त्यानंतर आई कधी बांधावर चढली नाही. समुद्र बांधाच्या पलीकडे आहे एवढं तिला पुरे होतं. मुलीला तिनं बजावलं होतं, "नवरा दर्यावरचा कर, इथे दुसरा मिळणारही नाही. पण तू जमिनीवर राहा." क्रीना राहिली. आई गेली तेव्हा क्रीनाची पन्नाशी उलटून गेली होती, आणि न जाणं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

पण तिला चौकशीची भारी खोड. जाळं हातात आलं की ती फाटल्या जागेवरून बोट फिरवायची आणि लेन्डर्टला विचारायची, "हे कशानं फाटलं?"

"खाली काहीतरी होतं."

"काय होतं?"

"मला काय माहीत? मी वर होतो."

असं हे वर्षानुवर्षं चाललं होतं. लेन्डर्ट मुळात कमी बोलणारा. समुद्राबद्दल तर तो इतकं कमी बोलायचा की क्रीनाला कधी कधी वाटे, हा माणूस आठवडाभर खरंच कुठे जाऊन येतो की बंदराबाहेर नांगर टाकून झोपून राहतो.

एका हिवाळ्यात मच्छीमारांच्या संघटनेचा डिंगेमन शेडमध्ये आला. धिप्पाड, सदा घाईत असलेला माणूस. कॉफी संपेपर्यंत इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यानं मुद्दा काढला. रॉटरडॅमला एक खेळ ठेवला होता. देशोदेशीचे अधिकारी, वीजवाले, जहाजवाले, निसर्गवाले असे सगळे एका खोलीत बसून कॉम्प्युटरवर उत्तर समुद्राची वाटणी करणार होते. कुणाच्या पवनचक्क्या कुठे, कुणाची जहाजं कुठून, वाळू कुठली उपसायची, कुठे कुणी हात लावायचा नाही. मच्छीमारांकडूनही कुणीतरी यावं असं बोलावणं होतं.

"मी सगळ्यांना विचारून आलो," डिंगेमन म्हणाला. "कोमर म्हणाला, आमचा समुद्र खऱ्याखुऱ्या नकाशावर खाऊन झाला, आता खोट्या नकाशावर खायला बोलावतायत. तुझा नवरा काहीच म्हणाला नाही."

"तो कधी म्हणतो?" क्रीना म्हणाली. "त्या नकाशावर समुद्राचा तळ दिसतो का?"

"म्हणे सगळं दिसतं."

"मग मी जाते."

डिंगेमन हसला. ती हसत नाही हे पाहून थांबला. "तुला कॉम्प्युटर येतो?"

"नातवंडांचे फोटो बघता येतात. तेवढं पुरत नसेल तर शिकवतील की. बोलावलंय त्यांनी."

खेळाच्या दिवशी रॉटरडॅमच्या त्या खोलीत क्रीना रविवारी चर्चला घालायचा कोट घालून गेली. खोलीत सहा देशांची सहा टेबलं, प्रत्येक टेबलावर दोन-तीन पडदे, आणि समोरच्या भिंतीवर सबंध उत्तर समुद्र. ती दारातच उभी राहिली. ज्या पाण्यानं तिचे मामा नेले, ज्याच्यावर तिचा सासरा, नवरा, दीर सगळे जगले, ते पाणी तिनं एका नजरेत असं कधी पाहिलंच नव्हतं. तिला वाटायचं समुद्र म्हणजे अफाट. इथे तो स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढा होता आणि चहूबाजूंनी माणसं त्याला खेटून बसलेली होती.

खेळ चालवणारी वीके नावाची बाई होती, उंच, केस आखूड कापलेले. तिनं पहिल्यांदाच सांगितलं, "रोज तुम्ही जे काम करता ते आज करायचं नाही. जहाजवाल्यानं निसर्ग सांभाळायचा, निसर्गवाल्यानं वाळू उपसायची." मग तिनं क्रीनाकडे पाहिलं. "ग्रिनविसबाई, तुम्ही जर्मनी. तुमच्याकडे वीज."

"मी? जर्मनी?"

"देश आज वाट्याला येईल तो."

नियम सोपे होते. घड्याळ चालू झालं की वर्षं भराभर पुढे सरकणार. जो तो आपल्या देशाच्या पाण्यात रेघा आखणार. रेघ शेजाऱ्याच्या हद्दीला लागली तर त्याची परवानगी घ्यायची. आखलेल्याचा माशांवर, जहाजांवर, विजेवर काय परिणाम झाला ते कॉम्प्युटर हिशेब करून दाखवणार. शतकाच्या मध्यापर्यंत जर्मनीला ठरलेली वीज मिळाली पाहिजे, एवढंच क्रीनाचं काम.

"एक विचारू?" क्रीना म्हणाली. "यात रविवार असतो का?"

वीकेला प्रश्न कळला नाही. मग कळला. "इथे डोळ्याचं पातं लवेपर्यंत महिना जातो. रविवार दिसायचा नाही."

"मग आमच्या गावात हे चालायचं नाही," क्रीना म्हणाली आणि खुर्ची ओढून बसली.

सुरुवातीला तिची रेघ भलतीकडेच जायची. मग एक रेघ जमली. मग दुसरी. नकाशावर थरच थर होते, एक उघडला की दुसरा त्याच्यावर चढे. पाण्याची खोली, वाळू, चिखल, गोटे, वाऱ्याचा जोर, जहाजांच्या वाटा. ती एकेक उघडून बघत बसली, घड्याळ चालू झाल्याचंही भान राहिलं नाही. तळ खरंच दिसत होता. मासेमारीचाही एक थर होता. तो उघडला की सगळा समुद्र पिवळा-तांबडा व्हायचा आणि खालचं काही दिसेनासं व्हायचं, म्हणून तिनं तो बंद करून टाकला.

तिच्या टेबलावर जहाजांचं काम बघणारा माणूस म्हणाला, "बाई, आपण मागे पडलोय. डेन्मार्ककडे बघा."

डेन्मार्कच्या पाण्यात पवनचक्क्यांचं शेत उभं राहिलं होतं. क्रीनाला ते बघवेना. तिनं पश्चिमेकडे, नेदरलँड्सच्या हद्दीला लागून, उथळ आणि वाऱ्याची एक सुरेख मोकळी जागा हेरली आणि तिथे चौकोन आखला. जवळच आणखी एक आखला. विजेचा आकडा वर सरकला. तिला फार बरं वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत कशानं इतकं बरं वाटलं नव्हतं.

थोड्या वेळानं नेदरलँड्सच्या टेबलावरून एक तरुण तरातरा आला. सीब्रन त्याचं नाव, नेदरलँड्सच्याच फ्रीसलंड प्रांतातला, बाह्या वर सारलेल्या. त्याच्याकडे नेदरलँड्सची मासेमारी होती.

"बाई, तुम्ही माझ्या लोकांच्या तोंडचा घास काढताय."

"मी माझ्या हद्दीत आहे," क्रीना म्हणाली.

"हद्द तुमची. पण आमच्या बोटी तिथे आजोबांपासून जातायत. जरा पूर्वेकडे सरका."

"पूर्वेकडे जहाजं आहेत."

"मग मी माझे मासे कुठे पकडू?"

"मासे काय," क्रीना पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, "मासे पोहत दुसरीकडे जातील. तुम्हीही जा त्यांच्या मागे."

तो गेला. नंतर तो तिची प्रत्येक परवानगी अडवत राहिला आणि ती वाटा काढत राहिली. तिची एक केबल हद्दीवर येऊन थांबली कारण त्यानं आपल्या बाजूला तिला जागाच दिली नाही. समुद्राच्या मधोमध वीज बेवारशी पडून राहिली. सगळी खोली हसली, क्रीनासुद्धा.

शेवटी वीकेनं भिंतीवर सगळा समुद्र दाखवला. मधल्या पट्ट्यात पाणी कमी आणि चौकोन जास्त. जर्मनीनं वीज गाठली होती. नेदरलँड्सच्या मासेमारीची आलेखातली रेघ जिना उतरावा तशी खाली गेली होती. तळातले चपटे मासे मात्र थोडे वाढलेले दिसत होते.

"म्हणजे मासे वाढले आणि मच्छीमार संपले?" क्रीनानं विचारलं.

"या खेळापुरतं. माशांचे आकडे आमचे अंदाज आहेत, समुद्र काही आम्हाला विचारून वागत नाही."

कॉफीच्या वेळी सीब्रन तिच्याशेजारी येऊन उभा राहिला. अजून घुश्शात होता. "मला हरायला आवडत नाही," तो म्हणाला. "तुम्ही खऱ्या आयुष्यात काय करता?"

"जाळी सांधते. नवरा बोटीवर असतो. तू?"

"पवनचक्क्यांच्या जागा ठरवतो. एका कंपनीसाठी."

क्रीनाचा कप तसाच हातात राहिला. आदल्याच वर्षी गावच्या सभागृहात वीजवाल्यांची सभा झाली होती. कुठल्याशा कंपनीचा माणूस हसत म्हणाला होता, मासे पोहत दुसरीकडे जातील. लेन्डर्ट उठून निघून गेला होता. सभेतून उठून जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं म्हणून गाव अजून ते बोलायचं. आणि आज तेच वाक्य, शब्दाला शब्द, तिच्या तोंडून सहज निघालं होतं. तिला लाज वाटली हे खरं. पण लाजेहून जास्त नवल वाटलं. सबंध दिवसात तिच्या मनात नवऱ्याची बोट एकदाही आली नव्हती.

शुक्रवारी लेन्डर्ट घरी आला. प्रार्थना झाली, बटाटे वाढून झाले, तेव्हा त्यानं विचारलं, "झाला खेळ?"

"झाला."

"कुणाच्या बाजूनं खेळलीस?"

"जर्मनीच्या."

लेन्डर्टनं मान वर केली. "आणि काय केलंस?"

"पवनचक्क्या लावल्या."

"कुठे?"

तिनं मीठदाणी म्हणजे जर्मनीचं टोक, लोण्याची बशी म्हणजे आपला किनारा असं मांडलं आणि मध्ये बोट ठेवलं. लेन्डर्टनं काटा खाली ठेवला.

"वसंतातले लेप मासे आम्ही तिथेच पकडतो," तो म्हणाला.

"मला काय माहीत? तू कधी सांगितलंस?"

त्यानं काटा पुन्हा उचलला. कोमर मात्र सोडणारा नव्हता. भावाकडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्यानं ते सगळ्या बंदरभर केलं. क्रीनाचं नाव 'जर्मनबाई' पडलं. पावाच्या दुकानात गेली की कुणीतरी विचारायचं, "काय जर्मनबाई, आज वारा कसा आहे?" ती म्हणायची, "छान आहे, तुझ्या घरावर एक चक्की बसेल." पण शेडमध्ये एकटी असली की तिच्या डोळ्यापुढे तो मासेमारीचा थर यायचा, तिनं झाकून टाकलेला. समुद्र झाकायला एक बोट पुरलं होतं. खालचं बघायच्या नादात वरची माणसं झाकली गेली होती. आणि खालचं तरी तिनं कुठे पाहिलं होतं? रंग पाहिले होते.

एका शनिवारी ती लेन्डर्टला म्हणाली, "मला यायचंय."

"कुठे?"

"तुझ्याबरोबर. बोटीवर."

"हवा वाईट आहे," तो म्हणाला. हिवाळा सरला. मे महिन्यात, हवा नरमल्यावर, एका रविवारी चर्चहून परतताना तो म्हणाला, "उबदार कपडे घे. संडास एकच आहे."

कोमरनं बोटीच्या कठड्यावरूनच स्वागत केलं. "बाई बोटीवर आली की मासे पळतात म्हणतात."

"बरंच आहे," क्रीना म्हणाली. "जर्मनीला जागा होईल."

सुरुवातीला तिला काहीच बघता आलं नाही. ती बादली धरून पडून होती आणि आई म्हणाली ते बरोबर होतं असं तिला पुन्हा पुन्हा वाटत होतं. मग एका सकाळी पोट शांत झालं आणि ती सुकाणूच्या खोलीत जाऊन लेन्डर्टशेजारी बसली. बाहेर राखाडी पाणी, एवढंच. ना हद्द, ना चौकोन. जर्मनीचं पाणी कुठे सुरू झालं ते लेन्डर्टनं सांगितलं म्हणून कळलं. मात्र त्याच्यासमोर एक पडदा होता, आणि त्यावर बोट आजवर जिथून जिथून जाळं ओढत गेली त्या सगळ्या रेघा उमटलेल्या होत्या. एकीवर एक, इतक्या दाट की एखाद्या गोधडीचे टाके वाटावेत. क्रीना त्यावर वाकली. बोलण्यात जे त्यानं कधी सांगितलं नव्हतं ते सगळं इथे होतं.

"इथे का वळलास?"

"बुडालेलं जहाज आहे."

"आणि इथे?"

"तिथे उन्हाळ्यात फार खेकडे."

"ही मध्ये कोरी जागा कसली?"

रेघांच्या त्या दाटीत, अलीकडे नेदरलँड्सच्या हद्दीत, एक लहानसा पांढरा डाग होता. सगळ्या रेघा त्याच्या कडेनं वळसा घालून गेल्या होत्या.

"तिथे जायचं नाही. बाबांनी सांगितलं होतं."

"का?"

"विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत?"

"बाबांना विचारायचं नसायचं," लेन्डर्ट म्हणाला. "आणि नंतर ते नव्हते."

क्रीनाला राहवेना. "कडेकडेनं जाऊन बघितलं तर?"

कोमर दारात उभा होता. "जाळं फाटेल."

"सांधणारी बोटीवर आहे," क्रीना म्हणाली.

दोघे भाऊ एकमेकांकडे पाहू लागले. कोमरनं खांदे उडवले. त्यालाही लहानपणापासून ती जागा टोचत असणार. नाहीतर तो असा सहज मानणारा नव्हता. परतीच्या वाटेवर लेन्डर्टनं सुकाणू तिकडे वळवलं.

फार वेळ लागला नाही. बोटीला हिसका बसला, तारा करकरल्या, लेन्डर्टनं वेग तोडला. जाळं वर आलं ते एका बाजूनं उभं चिरलेलं, आणि त्यात मासे जेमतेम. होते ते दगड. कलिंगडाएवढे, कणकेच्या गोळ्याएवढे, आणि एकही उघडा नाही. प्रत्येकावर काहीतरी जगत होतं. नारिंगी-पांढरे मऊ कोंब, ज्यांना दर्यावरचे लोक मेलेल्याचा अंगठा म्हणतात. मिटून घेतलेली समुद्रफुलं. एका खाचेत माशाच्या अंड्याची काळी, टोकांना शिंगं असलेली पिशवी, आणि उजेडाकडे धरली तर आत वळवळणारं पिल्लू. क्रीना गुडघ्यावर बसून एकेक दगड फिरवून पाहत होती. खेळात अशा राखीव जागांवर हिरव्या तिरक्या रेघा असत, आणि तिनं त्यांच्याकडे 'इथे चक्की लावता येत नाही' एवढ्याच अर्थानं पाहिलं होतं.

"असं पूर्वी बरंच यायचं," लेन्डर्ट म्हणाला. "बाबांच्या वेळी. मी लहान होतो." आणि त्यानं तिच्या पुढ्यातला दगड दोन्ही हातांनी उचलून, फेकून न देता, पाण्यात सोडला. मग दुसरा. बोटीवर कामाला असलेली पोरं बघत राहिली. शेवटी कोमरही उठला आणि दगड उचलू लागला. तोंडानं मात्र म्हणाला, "बाबा शहाणे होते. आम्ही बायकोचं ऐकलं."

डेकवर जाळं पसरून क्रीना सांधायला बसली. बोट हलत होती, आणि हे कशानं फाटलं ते या वेळी तिला ठाऊक होतं.

शरद ऋतूत वीके आपली यंत्रं घेऊन स्टेलंडमला आली. क्रीनानंच तिला बोलावलं होतं. खेळ गावच्या सभागृहात, गावातल्याच लोकांनी खेळायचा. रविवारचा प्रश्न वीकेनं सोडवला होता: दर खेळवर्षाच्या शेवटी घड्याळ थांबे आणि कॉफी मिळे. बायका उत्साहानं आल्या, पुरुष हात खिशात घालून आले. लेन्डर्ट येईल असं क्रीनालाही वाटलं नव्हतं. पण तो आला, आणि त्याच्या वाट्याला नेदरलँड्सचा निसर्ग आला. कोमरला बेल्जियमची जहाजं मिळाली.

लेन्डर्ट पुष्कळ वेळ नुसता बसून होता. बाकीचे भांडत होते, आखत होते, पुसत होते. मग त्यानं एका बोटानं, सावकाश, एक लहान हिरवा ठिपका आखला. भिंतीवरच्या मोठ्या नकाशात तो उमटला तेव्हा कोमरनं पाहिला आणि सगळं सोडून उठून आला.

"हे काय केलंस?"

"आपण तिथे जात नाही."

"आपण जात नाही ते आपल्याला माहीत आहे. त्यांना कशाला सांगायचं? आज एवढा ठिपका, उद्या त्याच्याभोवती वर्तुळ, परवा सगळी जागा."

"खेळ आहे, कोमर."

"तुझी बायको पण खेळायलाच गेली होती."

वीकेनं सांगून पाहिलं की इथे आखलेलं इथेच राहतं, तुम्ही म्हणाल तरच बाहेर जाईल. कोमरनं टोपी उचलली आणि तो निघून गेला. नंतर कित्येक आठवडे दोघे भाऊ एकाच बोटीवर कामापुरतं बोलत राहिले. "तार सोड." "सोडली." एवढंच. शेडमध्ये जाळी टाकायला आले तरी तसंच, आणि क्रीनाला ते असह्य व्हायचं. आपण त्या जागेची चौकशी केली नसती तर बरं झालं असतं का, असं ती स्वतःला विचारायची, आणि प्रामाणिकपणे 'हो' म्हणता येत नाही म्हणून आणखीच अस्वस्थ व्हायची.

मग खरा नकाशा आला. सरकारनं नव्या केबलींच्या वाटांचा कच्चा आराखडा लोकांपुढे ठेवला, आणि त्यातली एक वाट बरोबर त्या पांढऱ्या डागावरून जात होती. तिथे दगड आहेत हे आराखडा करणाऱ्यांच्या कुठल्याच थरात नव्हतं. डिंगेमननं तो कागद शेडमध्ये आणून पसरला. लेन्डर्ट, कोमर, क्रीना तिघं त्यावर वाकले.

"बोललो तर जागा उघडी पडते," लेन्डर्ट म्हणाला. "नाही बोललो तर केबल येते."

कोमरनं केबलीच्या रेघेवरून बोट फिरवलं. "तिथे केबल पुरली जाणार नाही," तो म्हणाला. "दगडात कशी पुरतील? मग तिच्यावर आणखी दगड टाकतील, आणि मग दोन्ही बाजूंनी आपल्याला लांब ठेवतील. आपल्या चांगल्या जागेपासून." तो सरळ उभा राहिला. "मी सांगतो. पण निसर्गाचं नाव काढणार नाही."

"नको काढूस," क्रीना म्हणाली.

सुनावणीला तो गेला आणि त्यानं फक्त एवढंच सांगितलं की तिथे दगड आहेत, आमचं जाळं फाटलं, ही बाई साक्षीला आहे. क्रीना मागच्या रांगेत उठून उभी राहिली. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. पाहणीचं जहाज गेलं, दगड सापडले, आणि पुढच्या आराखड्यात केबलीची वाट थोडी दक्षिणेकडे सरकलेली होती. पांढरा डाग कोराच राहिला, ना केबल, ना हिरव्या रेघा. त्या संध्याकाळी कोमर भावाच्या घरी कॉफीला आला, बिस्किट उचललं आणि हवेबद्दल बोलू लागला. लेन्डर्टही हवेबद्दल बोलला. ते भांडण तिथे मिटलं.

क्रीना मात्र नवा आराखडा चष्मा लावून बघत होती. "ही सरकून कुणाच्या जागेवर गेली?"

"आपल्या नाही," कोमर म्हणाला.

"ते दिसतंय. मग कुणाच्या?"

दोघांनाही ठाऊक नव्हतं. तिनं डिंगेमनला फोन केला. त्यानं चौकशी केली आणि कळवलं की त्या वाळूवर शेजारच्या झीलंड प्रांतातल्या कोलंबीवाल्यांच्या चार-दोन लहान बोटी जातात. सुनावणीला त्यांच्यातलं कुणी आलं नव्हतं. क्रीनानं सीब्रनला फोन लावला. त्या पहिल्या खेळानंतर तो अधूनमधून तिला काहीबाही विचारायला फोन करत असे. ती त्याला अजून 'नेदरलँड्स' म्हणायची.

"नेदरलँड्स, आराखडा अजून कच्चा आहे ना?"

"वसंतापर्यंत कच्चा. का?"

"मग वेळ आहे," ती म्हणाली. "वीकेला विचार, यंत्रं झीलंडला न्यायला गाडी लागेल की माझ्या गाडीत मावतील."

त्या शनिवारी ती एकटीच निघाली. तिकडच्या बंदरात तिला कुणी ओळखत नव्हतं. धक्क्यावर एक माणूस कोलंबीच्या टोपल्या धूत होता. त्याला तिनं हटकलं, आपलं नाव-गाव सांगितलं, आणि मग विचारलं, "तुमच्याकडे जाळी कोण सांधतं? मला त्यांच्याशी बोलायचंय. एक नकाशा दाखवायचाय, आणि थोडं विचारायचंय."